आधी शेरा, गुण दुसऱ्या दिवशी

प्रश्न: गणिताची चाचणी तपासताना मी प्रत्येक चुकीपुढे शेरा लिहिते. मुलं मात्र गुण बघतात, शेजाऱ्याला किती पडले ते विचारतात आणि वही दप्तरात कोंबतात. पुढच्या चाचणीत पुन्हा तीच चूक! गुण देणंच बंद करू का?

उत्तर: बंद करू नका, पण गुण आणि शेरा एकदम हातात देऊ नका. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही दिले होते. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांची. सोबत गुण आले की शेऱ्याचा उपयोग जवळपास संपतो. मुलाचं लक्ष चुकीवरून उडतं आणि आपला नंबर कितवा, तिकडे जातं.

म्हणून गुण तुमच्या नोंदवहीत ठेवा. वह्या तासाच्या सुरुवातीला वाटा आणि लगेच १५ मिनिटं दुरुस्तीला द्या. जुनं उत्तर खोडायचं नाही, त्याखाली वेगळ्या शाईने नवं लिहायचं. गुण दुसऱ्या दिवशी सांगा. ‘दुरुस्ती घरून करून आणा’ म्हटलंत, तर ती बहुतेकांची राहूनच जाईल.

शेराही कामाचा हवा. समजा, मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. इथे ‘लक्ष दे’ म्हणून काय कळणार? त्याऐवजी लिहा: ‘२/५ हे १/२ पेक्षा लहान आहे. मिळवल्यावर उत्तर कमी कसं झालं?’ अंशात अंश आणि छेदात छेद मिळवल्याचं त्याचं त्यालाच सापडेल. ५/६ हे उत्तर तुम्ही लिहून दिलंत, तर तो ते नुसतं उतरवून काढेल. एका वहीत असे दोनच शेरे पुरेत.

प्रश्न: मुलाने गृहपाठ करून दिला नाही तर शून्य द्यावं का?

उत्तर: आमच्या मते नाही. तीन कामांत १०० पैकी ८०-८० मिळवणाऱ्याला चौथ्यात शून्य दिलं, की सरासरी ६० वर येते. विषय त्याला तेवढाच येतो. आकडा मात्र भलतंच सांगतो. राहिलेला गृहपाठ शाळेतच बसवून पूर्ण करून घ्या. वेळेवर दिला की नाही, यासाठी प्रगतिपुस्तकात वेगळा रकाना ठेवा आणि पालकांना तोही दाखवा.