स्पीड ७० म्हणजे नेमका किती वेग? बेसबॉल सिम्युलेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागातून या वेळी आलेल्या पत्रांचा विषय एकच आहे: बेसबॉलच्या सिम्युलेशन गेममध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकडेवारीवर चालणाऱ्या गेममध्ये, खेळाडूच्या वेगाला दिलेला आकडा खरा मानायचा का? त्यांतली सहा पत्रे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जॉश नेलरने २०२५च्या मोसमात ३० बेस चोरले (बॉल टाकला जात असतानाच पळून पुढचा बेस गाठला) आणि फक्त दोनदा बाद झाला. तरी माझ्या गेममध्ये त्याचा स्पीड जवळजवळ तळाला आहे. रेटिंग चुकले आहे का? — एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

नाही. स्पीडचा आकडा बरोबर आहे, आणि चोरलेले बेसही खरेच आहेत. हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगच्या, सगळ्या मैदानांवर २०१५पासून स्टॅटकास्ट यंत्रणा खेळाडूंची हालचाल मोजते. तिच्यातला ‘स्प्रिंट स्पीड’ म्हणजे धावताना सर्वांत वेगवान अशा एका सेकंदात खेळाडूने कापलेले अंतर. मोसमातल्या जोरदार धावांपैकी वरच्या दोन तृतीयांश धावांची सरासरी घेऊन तो काढतात. लीगची सरासरी सेकंदाला २७ फूट, म्हणजे साधारण ८.२ मीटर. ३० फूट किंवा त्याहून जास्त असेल तर तो अव्वल धावणारा, आणि २३च्या आसपास असेल तर अगदी संथ. नेलर २४.४च्या घरात आहे. त्याला संथ म्हणण्यात गेमने काही अन्याय केलेला नाही.

आता चोरीचा हिशेब मांडा. पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) हालचाल सुरू केल्यापासून बॉल कॅचरच्या (बॅटरमागे बसणाऱ्याच्या) हातात पडेपर्यंत १.३ ते १.४ सेकंद जातात. कॅचरकडून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हपर्यंत साधारण २ सेकंद. टॅग लावेपर्यंत, म्हणजे बॉल रनरला टेकवेपर्यंत, ही बेरीज ३.४ ते ३.५ होते. बेसमधले अंतर ९० फूट. रनर १२ फूट लीड घेऊन, म्हणजे बेस सोडून तेवढा आधीच पुढे सरकून, उभा असेल तर उरले ७८. पूर्ण वेगाने, ढोबळ हिशेबाने, २७ फुटांच्या रनरला त्यासाठी २.९ सेकंद लागतात आणि २४.४च्या रनरला ३.२. म्हणजे संथ पायांची किंमत ०.३ सेकंद. पण पिचर पाय उंच उचलून १.६ सेकंद घेणारा असेल, किंवा रनरने त्याचा खांदा वाचून एक पाऊल आधी सुरुवात केली असेल, तर ती किंमत तिथेच वसूल होते. नेलरचे कसब या वाचण्यात आहे.

म्हणून गेममध्ये किमान तीन आकडे वेगळे पाहा. आउट ऑफ द पार्क बेसबॉल या संगणक गेममध्ये स्पीड, स्टीलिंग (चोरीचे कसब) आणि बेसरनिंग (बेसवर धावण्याची समज) ही तीन वेगळी रेटिंग आहेत. नेलरसारख्याचे स्पीड कमी, स्टीलिंग चांगले असेच हवे. ज्या गेममध्ये वेगासाठी एकच आकडा आहे तिथे असा खेळाडू नीट बसवता येत नाही. त्याचा स्पीड वाढवलात तर तो ट्रिपलही (एका हिटवर थेट थर्ड बेस) मारू लागेल आणि फर्स्टवरून थर्डलाही पोहोचेल. ही चूक चोरी कमी होण्यापेक्षा मोठी आहे. माझे मत विचाराल तर अशा गेममध्ये स्पीड खराच ठेवा आणि चोरीचे आकडे सोडून द्या.

प्रश्न : एकच खेळाडू एका गेममध्ये ७० आणि दुसऱ्यात ९८. यातला खरा कोणता? — वाचक, खानापूर

दोन्ही खरे असू शकतात, कारण मोजपट्टी वेगळी आहे. २०–८० ही स्काउट मंडळींची, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांची, पट्टी. तिच्यात ५० म्हणजे सरासरी. ०–९९च्या पट्टीवर मात्र सरासरी कुठे आहे ते गेम बनवणारा ठरवतो, आणि ते प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

स्प्रिंट स्पीडवरून २०–८०ची पट्टी करायला हा हिशेब पुरतो: २७ फुटांना ५० धरा, आणि पुढे-मागे दर ०.७ फुटाला ५ गुण वाढवा किंवा कमी करा. ३० फुटांचा रनर ७०च्या जरा वर येतो, नेलर ३०च्या आसपास.

खरी गडबड पर्सेंटाइलमुळे होते. काही गेममध्ये आकडा वेगाचा नसून क्रमाचा असतो: शंभरात किती जण याच्या मागे आहेत. बहुतेक खेळाडू सरासरीजवळ दाटलेले असतात. त्यामुळे २६.८ आणि २७.२ या दोघांत दहा-अकरा गुणांचे अंतर पडते, आणि मैदानावर ते दिसतही नाही. उलट २९.५ आणि ३०.५ यांच्यात पूर्ण एका फुटाचा फरक असूनही पट्टीवर दोन-तीन गुणच दिसतात. एका फुटाचा फरक किती मोठा असतो ते पाहा: ९० फुटांवर सुमारे ०.१ सेकंद, म्हणजे जवळजवळ एक मीटर. फर्स्ट बेसवरचे कितीतरी निर्णय याच मीटरमध्ये होतात.

तुमच्या गेममध्ये पर्सेंटाइल आहे का ते ओळखायचे असेल तर शंभरेक नियमित खेळाडूंचे स्पीड एका वहीत किंवा शीटमध्ये उतरवा आणि दहा-दहाचे गट करा. प्रत्येक गटात जवळपास सारखी संख्या आली तर पर्सेंटाइल. मधल्या गटांत गर्दी आणि टोकाला तुरळक असेल तर आकडा वेगाच्या प्रमाणात आहे.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र खेळाडूंची कार्डे आणि २० बाजूंचा फासा घेऊन बेसबॉल खेळतो. १-१४ रनिंगचा खेळाडू प्रत्यक्षात होमवर (रन पूर्ण होते त्या शेवटच्या बेसवर) क्वचितच बाद होतो, आमच्याकडे मात्र दहातून तीनदा. कार्डे चुकीची आहेत का? — शहापूर, बेळगाव

कार्डे ठीक आहेत. तुम्ही रनरला नको तेव्हा पाठवता.

हाल रिचमन यांच्या १९६१च्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कार्ड-फाशाच्या खेळापासून चालत आलेली ही पद्धत. १-१४ म्हणजे फासा १ ते १४ पडला तर रनर सुखरूप: २० पैकी १४, म्हणजे ७०%. प्रत्येक पायरी ५ टक्क्यांची. पण ही ७०% ‘धोका पत्करून पाठवले तर’ मिळणारी आहे. खऱ्या सामन्यात थर्ड बेसचा कोच शंका आली की हात वर करून थांबवतो, म्हणून रेकॉर्डमध्ये बाद होण्याचे प्रमाण इतके कमी दिसते. तुम्ही प्रत्येक सिंगलवर (बॅटरला एक बेस मिळवून देणाऱ्या हिटवर) फासा टाकलात तर ते प्रमाण येणारच नाही.

सेकंडवरचा रनर सिंगलवर होमला पाठवायचा की नाही, यासाठी एकच गोष्ट पाठ ठेवा: आउट किती झाले. एकही आउट नसेल तर यशाची शक्यता ९०%च्या आसपास असल्याशिवाय पाठवू नका, कारण थर्डवर थांबलेला रनर तसाही बहुधा येतोच. एक आउट असेल तर ७०% पुरते. दोन आउट असतील तर ४०% असली तरी पाठवा. थांबलात तर पुढच्या बॅटरचा हिट लागेल याची वाट पाहावी लागते, आणि बॅटर तीनातून दोनदा तर बाद होतो.

आर्मचा, म्हणजे आउटफिल्डरच्या (दूर उभ्या क्षेत्ररक्षकाच्या) फेकीचा आकडा आधी जोडा, फासा नंतर. रनर १-१४, आउटफिल्डरचा आर्म -३, दोन आउटचे +२: झाले १-१३, म्हणजे ६५%. पाठवा. तोच रनर, तोच आर्म, आउट शून्य: १-११, ५५%. थांबवा. एवढे पाळून तीसेक सामने खेळा आणि मग कार्डांबद्दल लिहा.

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या सॉफ्टबॉल संघाची अशीच कार्डे करायची आहेत. स्टॉपवॉचने मोजलेली वेळ मुलींच्या खेळाशी जुळत नाही. कसे मोजावे? — शारीरिक शिक्षक, निपाणी

सर, स्टॉपवॉच बाजूला ठेवा. बोट दाबण्यात सहज ०.२ सेकंद इकडे-तिकडे होतात, आणि सॉफ्टबॉलच्या ६० फुटांवर, म्हणजे १८.२९ मीटरवर, दोन मुलींमधला सगळा फरकच तेवढा असू शकतो. साध्या मोबाइलचा व्हिडिओ जास्त भरवशाचा. ३० फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम ०.०३ सेकंदाची, ६० फ्रेमच्या चित्रीकरणात ०.०१७. ६० फ्रेमवर ठेवा.

दोन वेगळी मापे घ्या. पहिले होम ते फर्स्ट: बॅट बॉलला लागल्याच्या फ्रेमपासून पाय बॅगेवर पडल्याच्या फ्रेमपर्यंत. फ्रेम मोजा आणि ६०ने भागा. डावखुरी बॅटर बेसच्या जवळ उभी असते, तिला साधारण ०.१ सेकंदाचा फायदा मिळतो. तो कार्डावर राहू द्या, तो तिच्या खेळाचा भाग आहे. पण तो पायांचा वेग समजू नका.

दुसरे माप निव्वळ वेगाचे. सरळ ३० मीटर आखा, पैकी १० ते २० मीटरच्या मधलेच अंतर मोजा. सुरुवातीचे दहा मीटर वेग पकडण्यासाठी. १० मीटरला १.२५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ८ मीटर.

इथे बहुतेकांची एक चूक होते. खुणेच्या काठ्या धावण्याच्या रेषेवर न रोवता कॅमेऱ्याच्या बाजूला रोवतात. फोन काठ्यांपासून २० मीटर दूर, दोन्ही काठ्यांच्या मध्यावर समोर ठेवला आहे आणि मुलगी काठ्यांच्या पलीकडे १ मीटरवरून धावते आहे असे धरा. मग पडद्यावर एका काठीपासून दुसरीपर्यंत जाताना ती १० नव्हे, १०.५ मीटर धावलेली असते. वेग ५% कमी दिसतो, आणि चांगली धावणारी मुलगी कार्डावर सरासरी ठरते. काठ्या रेषेला चिकटूनच रोवा आणि मुलीला रेषेवरूनच धावायला सांगा. फोन स्टँडवर किंवा विटांवर टेकवा, हातात नको.

प्रत्येकीच्या तीन धावा घ्या, मध्ये चार-पाच मिनिटे विश्रांती. तीनपैकी सर्वांत चांगली नको, मधली वेळ घ्या. एकीला कोरड्या मैदानावर आणि दुसरीला पाऊस पडून गेल्यावर मोजले तर तुलना करता येत नाही. काळ्या मातीचे मैदान असेल तर ओलाव्यात माती बुटाला चिकटते आणि सगळ्यांचेच आकडे घसरतात. सगळ्या मुली एकाच दिवशी, एकाच मैदानावर, सामन्यात घालतात त्याच बुटांत मोजा. पावसाळा संपल्यावर केलेत तर उत्तम.

खो-खो खेळणाऱ्या मुली असतील तर होम ते सेकंड हेही मोजा. वळताना कोण वेग राखते ते सरळ धावेत दिसत नाही, आणि बेस घेताना नेमके तेच लागते. होम ते सेकंडच्या वेळेतून होम ते फर्स्टची वेळ वजा करा. उरलेला आकडा जिचा लहान ती खरी बेसरनर.

मेजर लीगची २७ फुटांची पट्टी मुलींना लावू नका. तुमच्याच संघाची सरासरी ५० धरा, सर्वांत वेगवान मुलीला ७०, सर्वांत संथ मुलीला ३०, बाकीच्या प्रमाणात मध्ये. आणखी एक: फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. म्हणून बेसबॉलच्या कार्डावरचे लीडचे आकडे तुमच्या खेळात आणू नका. त्याजागी बॉल सुटल्यापासून पहिले पाऊल पडेपर्यंतच्या फ्रेम मोजा.

प्रश्न : १९१०–१९४०च्या काळातले खेळाडू गेममध्ये घेतो. कॅमेरे नसताना त्यांचा वेग आला कुठून? — संकेश्वर

आकडेवारीवरून. बिल जेम्स यांच्या ‘स्पीड स्कोअर’ची रीत प्रसिद्ध आहे: चोरीचे यश, चोरीचे प्रयत्न, ट्रिपल, बेसवर आल्यावर काढलेल्या रन, डबल प्लेमध्ये (एकाच बॉलवर दोघे बाद) सापडण्याचे प्रमाण आणि फिल्डिंग, या सहा गोष्टी एकत्र करून आकडा काढायचा. विचार चांगला आहे, पण जुन्या काळात त्याचे पाय लटपटतात. नॅशनल लीगमध्ये १९२६ ते १९५० या काळात चोरी करताना बाद झाल्याचे आकडेच उपलब्ध नाहीत, म्हणजे यशाची टक्केवारी निघत नाही. डबल प्लेच्या नोंदी नॅशनल लीगमध्ये १९३३पासून आणि अमेरिकन लीगमध्ये १९३९पासून मिळतात. १८९८च्या आधी तर दुसऱ्याच्या हिटवर जादा बेस घेतला तरी चोरी म्हणून लिहीत.

ट्रिपलवर तर अजिबात विसंबू नका. पिट्सबर्गच्या चीफ विल्सनने १९१२मध्ये ३६ ट्रिपल मारले. हा विक्रम आजही कायम आहे. पण इतर कोणत्याही मोसमात तो १४च्या पुढे गेला नाही. त्याचे घरचे फोर्ब्स फिल्ड प्रचंड मोठे होते, बॉल लांब घरंगळत जाई. त्या एका मोसमावरून रेटिंग केले तर तो विजेसारखा धावेल. आउट ऑफ द पार्कमध्ये ऐतिहासिक लीग चालू करताना रेटिंग एका वर्षाऐवजी तीन किंवा पाच वर्षांच्या आकड्यांवरून काढण्याचा पर्याय आहे. वेगासाठी तोच घ्या.

प्रश्न : २०२३मध्ये बेस मोठे झाले. सगळ्यांचे स्टीलिंग वाढवू का? — चिक्कोडी

खेळाडूंना हात लावू नका, लीगची सेटिंग बदला. बॅग १५ इंचांवरून १८ इंचांची झाली, फर्स्ट ते सेकंड अंतर साडेचार इंचांनी घटले, आणि पिचरला प्रत्येक बॅटरमागे दोनदाच पाय काढण्याची, म्हणजे बॉल टाकणे थांबवून रनरला रोखायला वळण्याची, मुभा उरली. चोऱ्या २०२२च्या २,४८६ वरून ३,५०३ झाल्या. कोणाचे पाय वेगवान झाले नव्हते.

लीगच्या एकूण चोऱ्यांचा आकडा बसवल्यावर मॅनेजरच्या स्ट्रॅटेजीतला स्टीलचा स्लायडर तपासा. चोरीचे प्रयत्न कमी दिसतात तेव्हा बहुतेकदा दोष रेटिंगचा नसून त्याचा असतो. आणि एका मोसमावरून निकाल लावू नका. ७५% यशाचा खेळाडू ३० प्रयत्नांत नुसत्या योगायोगाने ६० ते ९०% दाखवू शकतो. तोच मोसम दहा वेळा चालवा. ३०० प्रयत्न झाले की तो पट्टा ७० ते ८०% इतका आवळतो. त्यानंतरही आकडा बाहेर जात असेल तरच रेटिंग बदला, आणि तेही एका वेळी पाच गुणांनी.