'समजूतदारपणा' इथे का चालणार नाही

प्रश्न असा आहे: नेतृत्वाच्या प्रशिक्षणासाठी मराठी मजकूर तयार करताना 'इमोशनल इंटेलिजन्स'ला, म्हणजे भावना ओळखून त्यानुसार वागण्याच्या क्षमतेला, 'भावनिक बुद्धिमत्ता' असा बोजड शब्द कशाला? 'समजूतदारपणा' हा आपला रुळलेला शब्द का नको?

रुळलेल्या शब्दांकडे माझाही ओढा आहे. तरी इथे तो अर्थ बिघडवेल. समजूतदार आपण कोणाला म्हणतो? भांडणात जो माघार घेतो त्याला. ऑफिसातही 'जरा समजूतदारपणा दाखवा' हे वाक्य वरून खाली येते. रजा नामंजूर झाली, बढती लांबली, की ते कानावर पडते. साहेबाला असे कोणी सुनावत नाही. जो गुण नेतृत्व करणाऱ्याच्या अंगी हवा, त्याला हाताखालच्या माणसाकडून मागितल्या जाणाऱ्या गुणाचे नाव कसे द्यायचे?

'मनकवडा' जास्त जवळ जातो. समोरच्याने तोंड उघडण्याआधी त्याचे मन ओळखणारा. इतका देखणा शब्द वापरातून जाऊ नये असे मला फार वाटते. पण मनकवड्याची नजर दुसऱ्यावर असते. मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये केलेल्या 'इमोशनल इंटेलिजन्स'च्या व्याख्येत स्वतःच्या आणि इतरांच्या, अशा दोन्ही भावना आहेत: त्या टिपायच्या, त्यांतला फरक ओळखायचा आणि त्यातून जे कळले ते विचारात व वागण्यात उतरवायचे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी १९९८ मध्ये नेतृत्व करणाऱ्यांविषयी लिहिताना तिची पाच अंगे सांगितली. त्यांतली आत्मभान, स्वतःवरचा ताबा आणि आतली प्रेरणा ही तीन तर स्वतःशीच निगडित आहेत.

म्हणून संज्ञा 'भावनिक बुद्धिमत्ता' हीच ठेवावी. 'भावनिक होऊ नका' या वाक्यामुळे 'भावनिक' म्हणजे हळवा असे वाटू लागले आहे हे खरे, पण 'भावनिक आधार' म्हटल्यावर कोणाचा गोंधळ होत नाही.

खरी गंमत क्रियापदांत आहे, आणि मजकूर त्यांच्यावर उभा करावा असे मी आग्रहाने सांगेन. 'राग गिळला' म्हणजे तो आत शिल्लक आहे. 'राग आवरला' म्हणजे माणूस त्याच्यापेक्षा मोठा ठरला. तसेच 'समजूत काढणे' आणि 'समजून घेणे'. समजूत काढताना निर्णय आधीच झालेला असतो, समोरच्याला फक्त शांत करायचे असते. समजून घेताना निर्णय बदलण्याची वाट मोकळी असते. हा फरक एका धातूवरच्या दोन रूपांत मराठीने जपून ठेवला आहे, मग तो वाया का घालवायचा?

तेव्हा शीर्षकात 'भावनिक बुद्धिमत्ता' येऊ द्या. आत मात्र 'व्यवस्थापकाने भावनिक बुद्धिमत्ता प्रदर्शित करावी' असे न लिहिता 'सहकारी चिडून बोलला, तर त्याची समजूत काढण्याआधी त्याचे म्हणणे समजून घ्या' असे लिहा.