जिमसाठी स्वस्तातले इअरफोन: फीचर नंतर, आधी कानात बसतायत का ते बघा

तुमच्या प्रश्नातून मला तीन गोष्टी कळल्या. ट्रेडमिलवर धावायला लागलं की बड निसटतो, आधीच्या जोडीतला उजवा बड काही महिन्यांत चार्ज व्हायचाच बंद झाला, आणि आता बजेट कमी आहे तरी नॉइज कॅन्सलेशनवालं (बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाबणारं) मॉडेल घ्यायचा विचार चाललाय. बरीच वर्षं जिममध्ये कानात काहीतरी घालूनच व्यायाम करतोय आणि स्वस्तातलेच वापरलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नॉइज कॅन्सलेशनचं डोक्यातून काढून टाका. ते चांगलं चालतं ते एकसारख्या घूं घूं आवाजावर, म्हणजे एसी, पंखा, इंजिन वगैरे. जिममधला आवाज म्हणजे प्लेटा आपटणं, लोकांची बडबड आणि वर स्पीकरवरची गाणी, हे अडवायचं काम मुख्यतः कानात घट्ट बसलेलं रबरी टिपच करतं. कमी किमतीत कंपनीने ते फीचर घातलं तर कुठेतरी दुसरीकडे काटकसर केलेली असतेच, आणि ती बहुतेक वेळा आपल्याला नको तिथे असते. तेच मोठ्या ड्रायव्हरचं, म्हणजे बडच्या आतल्या छोट्या स्पीकरचं. डब्यावर १३ एमएम लिहिलंय म्हणून बेस जास्त येईल असं काही नाही, कानात हवा बंद झाली तरच बेस येतो. करून बघा, गाणं चालू ठेवून बड बोटाने हलकाच आत दाबा, बेस एकदम वाढला तर समजायचं टिप लहान पडतंय.

आणि हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. डब्यात तीन साइजची टिप्स येतात आणि बहुतेक लोक बसवून आलेलं मधलं टिप शेवटपर्यंत बदलत नाहीत! दोन्ही कानांची भोकं एकसारखीच असतात असंही नाही, एका कानाला मोठं आणि एकाला मधलं लागलं तर खुशाल तसं लावा. घालताना विरुद्ध बाजूच्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बड आत सरकवायचा, थोडा फिरवायचा आणि मग कान सोडायचा. नंतर आरशासमोर उभं राहून दात घट्ट आवळा, जबडा उघडा, चावल्यासारखं करा. जड वजन उचलताना आपण नकळत दात आवळतो, त्याने कानाच्या नळीचा आकार जरासा बदलतो आणि बड हळूहळू बाहेर सरकत येतो. तुम्हाला वाटतं धावण्याने पडला, पण ढिला झालेला असतो त्याआधीच. ज्यांना टिपच नसतं असे गुळगुळीत प्लॅस्टिकचे दांडीवाले बड धावण्यासाठी घेऊच नका, घाम आला की साबणासारखे निसटतात. कानामागून जाणारा हूक असलेले दिसायला जरा अवजड वाटतात, पण पडत नाहीत.

नेकबँड, म्हणजे मानेभोवती पट्टी असलेले इअरफोन, घ्यावेत का? ट्रेडमिल, सायकल एवढंच असेल तर कमी पैशात नेकबँडसारखं काही नाही, बॅटरी मोठी असते आणि एक बाजू हरवायची भीती नाही. पण बॅक स्क्वॉट (मानेमागे खांद्यावर बार घेऊन बैठका) करत असाल तर बार जिथे ठेवायचा नेमका तिथेच ती पट्टी येते, आणि बेंचवर आडवं पडलं की मानेखाली टोचते. वायरवाले सगळ्यात स्वस्त, पण वायर टी-शर्टच्या आतून घ्या, नाहीतर डंबेलमध्ये अडकते, आणि वायर कपड्याला घासल्याचा आवाज कानात येत राहतो. डोक्यावरचे मोठे हेडफोन या कामाला नकोत, गाद्या घाम पितात.

आता घाम. डब्यावर आयपीएक्स आणि पुढे आकडा असतो, ते पाणी किती सोसतं याचं रेटिंग. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी चालतं, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार चालते, आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. जिमला ४ पुरतं, ५ मिळालं तर उत्तम. पण ही टेस्ट साध्या पाण्याची असते आणि घामात मीठ असतं, शिवाय रेटिंग बहुतेक वेळा फक्त बडचं असतं, केसचं (बड ठेवायच्या चार्जिंगच्या डबीचं) नाही. ओला बड तसाच केसमध्ये टाकून झाकण लावलं की चार्जिंगच्या त्या बारीक पिवळ्या टिकल्यांवर खारट पाणी राहतं, त्यातच करंट येतो, आणि टिकल्या गंजायला लागतात. नीट बघितलं तर काळपट किंवा हिरवट थर दिसतो. तुमचा उजवा बड याच कारणाने गेला असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून जुनी जोडी टाकली नसेल तर कॉटन बडला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बडच्या टिकल्या आणि केसमधल्या पिना हलक्या हाताने पुसा, सुकू द्या आणि मग लावून बघा. नवीन घेतल्यावर एकच सवय लावा, व्यायाम झाला की बड कोरड्या कपड्याने पुसायचे, थोडा वेळ बाहेर ठेवायचे, मगच केसमध्ये.

टचपेक्षा दाबायचं बटण असलेलं बघा. ओल्या बोटाने टच नीट लागत नाही, आणि घाम पुसताना टॉवेल लागला की गाणं बदलतं, सेटच्या मध्येच हे झालं की जाम डोकं फिरतं.

ब्लूटूथचं व्हर्जन, भारी कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत) यासाठी जास्त पैसे देऊ नका. आवाज तुटत असेल तर कारण बऱ्याचदा आपलं शरीरच असतं, ते हे सिग्नल शोषतं, त्यामुळे मागच्या खिशातला फोन दंडावर बांधून बघा. बॅटरी बडमध्ये ४-५ तास असली की झालं, केससकट इतके तास वगैरे आकड्यांना भुलू नका.

आवाजाचं मात्र मनापासून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. म्हणजे रोज तासभर जिम केली आणि आवाज फुल ठेवला तर आठवडा संपायच्या आत मर्यादा ओलांडली. टिप ढिलं असलं की आपण आपसूक आवाज वाढवतो, म्हणून पण फिटिंगच्या इतकं मागे लागलोय.

तर तुमच्यासाठी माझं मत: हूकवाले, बटणवाले, आयपीएक्स५, टिप्स बदलता येणारे, बाकी काही नसलं तरी चालेल. फक्त पैसे भरण्याआधी दोन गोष्टी वाचा, वॉरंटीत घामाने किंवा पाण्याने बिघडलेलं धरतात का, आणि एकदा कानात घातलेले इअरफोन परत घेतात का, कारण बरेच जण घेत नाहीत. घेत असतील तर त्या मुदतीतच एक पूर्ण वर्कआउट त्यावर करून बघा, नुसतं घरी बसून गाणं ऐकून ठरवू नका.