व्हाइट माउंटन्सला पहिल्यांदा जाताय ना, मग हे वाचा

व्हाइट माउंटन्स म्हणजे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातली डोंगररांग. बॉस्टनहून जाताय तर पहिल्या दिवशी फ्रँकोनिया नॉच स्टेट पार्कच करा, तिथला फ्लूम गॉर्ज म्हणजे दोन्ही बाजूला ग्रॅनाइटच्या उभ्या भिंती आणि मधून लाकडी पायवाट, साधारण 2 मैलांचा फेरा आहे पण पायऱ्या बऱ्याच, आईबाबा सोबत असतील तर घाई करू नका. तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, ऑनलाइन आधीच काढून ठेवा, पानगळीच्या सीझनला तर नक्कीच.

याच रांगेतल्या माउंट वॉशिंग्टन शिखराबद्दल मात्र कळकळीने सांगतो. माथ्यावरही स्टेट पार्कच आहे, उंची 1917 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडीच जास्त, म्हणून आपली मंडळी सहज घेतात आणि तिथेच चुकतं. 1934 साली तिथे ताशी 372 किमी वारा मोजलाय! खाली टीशर्टमध्ये घाम येत असतो आणि वर उन्हाळ्यातसुद्धा बर्फ पडू शकतो, झाडं संपली की आडोसा काहीच नाही. त्यामुळे विंडचीटर, टोपी, हातमोजे जुलैतही घ्याच, माथ्याच्या हवामानाचा अंदाज वेगळा बघा (खालच्या गावाचा बघून उपयोग नाही) आणि ढग उतरायला लागले की सरळ मागे फिरा.