वाचकांचे प्रश्न : भाड्याच्या घरातील एसी डक्टची सफाई कोणी करायची?

प्रश्न : आम्ही दुबईत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. एसीच्या छतातील जाळीभोवती काळे डाग पडले आहेत आणि एसी सुरू केला की कुबट वास येतो. डक्टची, म्हणजे थंड हवा खोल्यांत पोहोचवणाऱ्या छतातील मार्गाची, सफाई आम्हीच करावी, नाहीतर घर सोडताना तो खर्च अनामत रकमेतून कापला जाईल, असे घरमालक म्हणतात. करारात 'किरकोळ देखभाल भाडेकरूकडे' एवढेच लिहिले आहे. खर्च भाड्यातून वळता करता येईल का?
– एक वाचक, दुबई

उत्तर : दुबईच्या 2007 च्या कायदा क्रमांक 26 मधील कलम 16 प्रमाणे, उभयतांत वेगळे ठरले नसेल, तर घराची देखभाल आणि वापरात अडथळा आणणाऱ्या बिघाडाची दुरुस्ती मालकाकडे असते. तेथील करारांत 'किरकोळ' म्हणजे किती दिरहमपर्यंत, हे पुष्कळदा आकड्यांत लिहिलेले असते. आपल्या करारात तसा आकडा नसेल, तर छत उघडून यंत्राने करायच्या सफाईला किरकोळ म्हणणे मला पटत नाही. मात्र कलम 19 नुसार घर स्वतःचे असल्यासारखे जपणे भाडेकरूवर बंधनकारक आहे, त्यामुळे जाळीमागचा फिल्टर नियमित धुणे हे काम आपलेच.

खर्चाचा वाद घालण्याआधी वासाचे कारण शोधावे, असा माझा आग्रह आहे. थंड जाळीवर दमट हवेतील बाष्प जमून त्यावर धूळ चिकटते, म्हणून जाळीवर डाग दिसले म्हणजे आतला डक्ट खराबच असेल असे नाही. कुबट वास अनेकदा कॉइलखालच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांखालच्या) ट्रेमध्ये साचलेल्या पाण्याचा किंवा तुंबलेल्या निचऱ्याच्या नळीचा असतो. ती दुरुस्ती न करता नुसता डक्ट साफ केला, तर वास पुन्हा येणारच. डक्टचे आतील अस्तर भिजून त्याला बुरशी लागली असेल, तर ते नीट साफ होत नाही, बदलावेच लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचाही हाच सल्ला आहे. डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे सिद्ध झालेले नाही, असेही ती संस्था सांगते, त्यामुळे सफाई कंपन्यांच्या जाहिरातींना घाबरून पैसे भरू नयेत. उन्हाळी सुट्टीत भारतात येताना एसी आठवडेच्या आठवडे पूर्ण बंद ठेवला असेल, तर बुरशीचा दोष मालक आपल्यावर टाकू शकतात, याचेही भान असू द्यावे.

भाड्यातून खर्च वळता करण्याची कल्पना बहुधा इकडच्या कायद्यावरून आली असावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च कापू शकतो. दुबईत मात्र तसे परस्पर मुळीच करू नये, कारण नोटिशीनंतर 30 दिवसांत भाडे पूर्ण चुकते झाले नाही, तर मालक घर रिकामे करून मागू शकतो.

तंत्रज्ञाकडून कारण लेखी घ्यावे, छायाचित्रांसह ते मालकांना ईमेलने पाठवावे आणि दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. तरीही दाद लागली नाही, तर भाडेविषयक तंटा निवारण केंद्राकडे जाता येते. पण तेथील शुल्क वार्षिक भाड्याच्या 3.5 टक्के असल्याने आधी तडजोडीचा प्रयत्न करावा. अनामत रकमेविषयी सांगायचे तर, दुबईच्या वरील कायद्याच्या कलम 21 प्रमाणे नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, आणि आपला पत्रव्यवहार तेव्हा पुरावा म्हणून उपयोगी पडेल.