सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत सरळ अंतर सुमारे 15,350 किलोमीटर. थेट विमानाला साधारण साडेअठरा तास लागतात, पण वाऱ्यानुसार यात फरक पडतो. सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते, तरी न्यूयॉर्कला जाताना विमान बऱ्याचदा पॅसिफिकवरून लांबचा वळसा घेतं. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, मागून रेटा देतो. किलोमीटर वाढले तरी वेळ आणि इंधन वाचतं.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क सिंगापूरपेक्षा 13 तास मागे, तिथल्या उन्हाळ्यात 12. समजा दुपारी बाराला निघालात, तर त्याच तारखेच्या संध्याकाळी उतराल. आणि हो, सिंगापूर एअरलाइन्सच्या या लांब पल्ल्याच्या एअरबस ए350 विमानात साधा इकॉनॉमी वर्गच नाही, तेव्हा बजेट आधी बघा.