पेट्रोल कार्ट सोडून ई-कार्टकडे वळू का? एका आईच्या पत्राला उत्तर

ताई नमस्कार,

तुमचं पत्र नीट वाचलं. मुलगी 16 वर्षांची, लहानपणापासून पेट्रोल कार्ट, म्हणजे रेसिंगची छोटी उघडी गाडी, चालवतेय, आता इलेक्ट्रिक कार्टच्या (ई-कार्टच्या) एका सिरीजमध्ये सीट, म्हणजे ड्रायव्हरची जागा, मिळतेय आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. कोच म्हणतात ई-कार्टमध्ये गेली की वरचा रस्ता बंद, बाबा म्हणतात उद्या सगळं इलेक्ट्रिकच होणार मग आत्ताच का नाही. तिला ड्रायव्हर व्हायचंय आणि ते नाही जमलं तर रेस इंजिनिअर, आणि तुम्हाला भीती आहे की चुकीच्या बाजूला गेलो तर तिची महत्त्वाची वर्षं वाया जातील.

माझं मत आधीच सांगून टाकते. ड्रायव्हर म्हणून तिने पेट्रोल आत्ता सोडू नये, पण इंजिनिअर व्हायचं असेल तर इलेक्ट्रिकचा अभ्यास आजपासून सुरू करावा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि कोच पहिल्याचं उत्तर देतायत तर बाबा दुसऱ्याचं, म्हणून दोघंही बरोबर असून भांडण मिटत नाहीये.

ड्रायव्हिंगचं आधी बघू. कार्टिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचे मुख्य क्लास, म्हणजे ओके आणि गिअरवाला केझेड, अजूनही 125 सीसी टू-स्ट्रोकचेच आहेत आणि मोठ्या टीम्सची नजर तिथेच असते. फॉर्म्युला वनचा चॅम्पियन ड्रायव्हर मॅक्स वर्स्टॅपन 2013 मध्ये केझेडचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, 2014 मध्ये फॉर्म्युला थ्री आणि 2015 मध्ये थेट फॉर्म्युला वन. इलेक्ट्रिकमधून असा रस्ता अजून तयार झालेला नाही. प्रयत्न झालेत, नाही असं नाही, 2018 मध्ये कार्टची इंजिनं बनवणाऱ्या रोटॅक्सने ब्राझीलमध्ये झालेल्या आपल्या ग्रँड फायनल्स स्पर्धेत ई-कार्ट उतरवल्या, त्याच वर्षी ब्यूनस आयर्सच्या युथ ऑलिम्पिकमध्ये ई-कार्टचं प्रात्यक्षिक झालं, जर्मनीत तर इलेक्ट्रिकची वेगळी चॅम्पियनशिपही सुरू झाली. पण वरची शिडी तिथून हलली नाही.

का नाही हलली हे मुलीला कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिचं इंजिनिअर म्हणून करिअर याच उत्तरात आहे. तिला कागद-पेन घेऊन बसवा. समजा रेस 15 मिनिटांची आणि सरासरी पॉवर 12 किलोवॅट, म्हणजे 3 किलोवॅट-अवर एनर्जी झाली. पेट्रोलमध्ये किलोमागे साधारण 12 किलोवॅट-अवर असतात, टू-स्ट्रोक त्यातलं बरंचसं उष्णतेत घालवतं तरी दीडेक किलो पेट्रोलमध्ये काम होतं. लिथियम बॅटरीचा पूर्ण पॅक धरला, केसिंग वायरिंग सगळं, तर किलोमागे 0.15 किलोवॅट-अवरच्या आसपास हाती येतं, मोटर कितीही एफिशियंट असली तरी वीस-पंचवीस किलोची बॅटरी लागतेच. आणि एवढ्या छोट्या पॅकमधून स्ट्रेटवर 20 किलोवॅट ओढायचे तर जास्त करंट देणारे सेल लागतात, त्यांच्यात किलोमागे एनर्जी अजून कमी, म्हणजे वजन परत वाढलं.

मोठ्या गाडीत वीस-पंचवीस किलो खपून जातात, कार्टमध्ये नाही, कारण ड्रायव्हरसकट सगळं मिळून दीडशे किलोच्या आसपास असतं. कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, मागचा अ‍ॅक्सल एकच सलग, त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक उचललं गेलं तरच कार्ट वळते, आणि ते उचलायचं काम चेसिसच्या ट्यूब पिळवटून होतं. त्या चेसिसवर बॅटरी कुठे ठेवली, किती घट्ट बांधली, डावी-उजवी कशी वाटली, यावर सगळं हँडलिंग बदलतं. 1956 मध्ये आर्ट इंगल्सने कॅलिफोर्नियात पहिली कार्ट बनवली ती वजनाला हलकी आणि रचनेला साधी म्हणून चालली, ई-कार्टला अजून तो हलकेपणा सापडायचाय.

दुसरी अडचण उष्णतेची. 48 व्होल्टवर 20 किलोवॅट म्हणजे चारशेच्या वर अ‍ॅम्पिअर करंट, आणि वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. व्होल्टेज दुप्पट केलं तर करंट निम्मा आणि त्याच वायरमध्ये उष्णता चौथा हिस्सा, ऐकायला सोपं आहे, पण डीसी 60 व्होल्टच्या वर गेलं की ते हाय व्होल्टेजमध्ये धरतात, मग इन्सुलेशन वेगळं, ट्रेनिंग वेगळं, अपघात झाल्यावर मार्शलने (ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याने) कार्टला हात कधी लावायचा याचे नियम वेगळे. आणि बॅटरी तापली की कंट्रोलर आपणहून पॉवर कमी करतो, म्हणजे शेवटच्या लॅप्समध्ये ड्रायव्हरने पूर्ण दाबलं तरी कार्ट तेवढी ओढत नाही. सोळाव्या वर्षी असं हरणं मनाला फार लागतं, तिला आधीच सांगून ठेवा.

चार्जिंगही आलंच. वीस कार्ट, प्रत्येकीला तासाभरात 3 किलोवॅट-अवर परत भरायचे तर पॅडॉकला (ट्रॅकशेजारी टीम्स थांबतात त्या जागेला) एकाच वेळी 60 किलोवॅट लागतात, आणि बऱ्याच ट्रॅकची लाईन तेवढी नसते.

आता बाबांची बाजू, कारण तीही मला मनापासून पटते. इनडोअर कार्टिंग मोठ्या प्रमाणावर इलेक्ट्रिक झालंय, बंद जागेत धूर नको हे उघड कारण. आवाजाच्या तक्रारींवरून ट्रॅक अडचणीत येतात तिथे ई-कार्ट हाच उपाय राहू शकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पैशाची, टू-स्ट्रोकमध्ये चांगला ट्यूनर, जास्तीची इंजिनं, सारखे पिस्टन बदलणं ज्यांना परवडतं ते पुढे राहतात हे तुम्हीही पाहिलं असेल, पण इलेक्ट्रिकमध्ये ऑर्गनायझरने सगळ्यांना सारखी मोटर आणि लॉक केलेलं सॉफ्टवेअर दिलं तर तो फरक जवळजवळ मिटतो. लहान मुलांसाठी त्याच कार्टची पॉवर सॉफ्टवेअरमधून कमी करता येते. टॅलेंट असलेल्या पण पैसा नसलेल्या पोरांसाठी हे व्हायलाच हवं असं मला अगदी कळकळीने वाटतं.

आणि वरचं रेसिंगही तिकडेच सरकतंय. फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची रेस सिरीज 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा बॅटरी पुरत नाही म्हणून ड्रायव्हर रेसच्या मध्यात गाडी बदलायचे, 2018-19 च्या सीझनपासून एकच गाडी पुरायला लागली. फॉर्म्युला वनच्या 2026 च्या नियमांत जवळजवळ निम्मी पॉवर इलेक्ट्रिक आहे. त्यामुळे एनर्जी कुठे खर्च करायची, कुठे वाचवायची, ब्रेक मारताना किती परत मिळवायची हे डोक्यात ठेवून चालवणं हे उद्याच्या ड्रायव्हरचं कामच आहे. बऱ्याच कार्टना ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलला असतो आणि मोटरही तिथेच, म्हणून रीजनरेशन, म्हणजे ब्रेक मारताना एनर्जी परत मिळवणं, शिकायला कार्ट उत्तम. फक्त एक सांभाळा, मोटरचा टॉर्क शून्यापासून मिळतो त्यामुळे कॉर्नरमध्ये जास्त स्लो झालं तरी बाहेर पडताना ते झाकलं जातं, टू-स्ट्रोकमध्ये तीच चूक लगेच उघडी पडते. म्हणून मुख्य सीझन पेट्रोलचा ठेवा, इलेक्ट्रिकचे निवडक राऊंड करू द्या, सिरीज तशी सवलत देत नसेल तर यंदा सीट सोडली तरी चालेल.

अभ्यासाचं म्हणाल तर इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल कुठलीही ब्रँच घेतली तरी तिने पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, बॅटरी मॅनेजमेंट, हीट ट्रान्सफर आणि थोडं कोडिंग धरून ठेवावं. कॉलेज निवडताना नावापेक्षा तिथे फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी स्वतः रेस गाडी बनवण्याच्या स्पर्धेची) इलेक्ट्रिक टीम आहे का हे बघा. झुरिकच्या विद्यार्थ्यांनी 2023 मध्ये साधारण 140 किलोची इलेक्ट्रिक गाडी 0.956 सेकंदात शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरच्या स्पीडला नेऊन वर्ल्ड रेकॉर्ड केला, कॉलेजची पोरं होती ती. बॅटरी कळणारे पुष्कळ आहेत आणि चेसिस कळणारेही, पण बॅटरीची जागा दोन इंच सरकवली की मागचं चाक कसं उचलेल हे अंगाने कळणारे फार थोडे, आणि तुमच्या मुलीकडे ते अंगातलं शिक्षण आत्ताच आहे. घरी मात्र तिला लिथियम पॅक उघडू देऊ नका, सेलला आग लागली की ती विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते, हे काम ट्रेनिंग घेतल्यावरच.

सीटला हो म्हणण्याआधी सिरीजवाल्यांना विचारा की बॅटरी कोणाच्या मालकीची, खराब झाली तर भुर्दंड कोणाला, पॅक चिठ्ठीने वाटतात का, गेल्या सीझनला ग्रिडवर खरंच किती कार्ट होत्या, आणि ड्रायव्हरला कार्टमध्ये नोंदला जाणारा पूर्ण डेटा मिळतो का. डेटा देत नसतील तर माझ्या मते ती सीट घेऊच नका, कारण तिच्यासाठी त्या सीटची खरी कमाई तोच डेटा आहे. देत असतील तर एका जुन्या रेसचा लॉग मागा, पहिल्या आणि शेवटच्या लॅपची पॉवर आणि बॅटरीचं तापमान शेजारी-शेजारी लावून तिलाच वाचू द्या, आणि तिला त्यात काय दिसलं ते मला लिहून पाठवायला सांगा, कोचनी किंवा बाबांनी नाही, तिनेच.